नेत्रज्योतीचे जतन : आहार आणि आचरण



एखादी गोष्ट अत्यंत दक्षतेने सांभाळावयाची असेल, तर ती 'डोळ्यांत तेल घालून' सांभाळावी, असे आपण म्हणतो. नवल असे की, ज्या डोळ्यांचे नाव घेऊन आपण इतर सर्व गोष्टी जपतो, त्या डोळ्यांचे जतन मात्र बहुधा राहून जाते. दात ठणकू लागला तर मनुष्य रात्रभर झोपत नाही व सकाळी वैद्याचे दार ठोठावतो. दृष्टी मात्र पुष्कळदा काहीही न दुखता, हलक्या पावलांनी निघून जाते, आणि ती गेल्याचे ध्यानात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे, असे त्या पाहणीत आढळले. मोतीबिंदूवर खात्रीचा इलाज उपलब्ध असताना ही स्थिती आहे. म्हणजेच आपल्याकडील पुष्कळसे अंधत्व हे नशिबाचे नसून दुर्लक्षाचे आहे. म्हणून कोणत्या गोष्टी आहाराने साधतात, कोणत्या सवयींनी साधतात आणि कोणत्या केवळ वेळीच केलेल्या तपासणीने साधतात, याचा नीट उलगडा व्हावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. या तिन्हींची गल्लत झाली की नुकसान होते. तपासणीची गरज असताना कोणी गाजरे खात बसतो, आणि आहार सुधारण्याची गरज असताना कोणी महागडे थेंब आणतो.

अंधारात दिसते ते कशामुळे?

डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधूक प्रकाशात उपयोगी पडतात. एका डोळ्यात शंकाकार पेशी सुमारे ६० लाख, तर दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी असतात.

दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे एक रंगद्रव्य असते. प्रकाश पडताच त्याचे विघटन होते व त्यातून दृष्टीचा संदेश मेंदूकडे जातो. अंधारात ते पुन्हा तयार होते. उन्हातून एकदम अंधाऱ्या गाभाऱ्यात गेल्यावर प्रथम काही दिसत नाही आणि हळूहळू मूर्ती स्पष्ट होत जाते, हा अनुभव सर्वांचाच आहे. बाहुली मोठी होणे आणि हे रंगद्रव्य पुन्हा साठणे, या दोन गोष्टींना तेवढा अवधी लागतो. हे रंगद्रव्य घडण्यासाठी जीवनसत्त्व 'अ' अत्यावश्यक असते. ही प्रक्रिया उलगडून दाखविणारे अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली अन्य दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या जीवनसत्त्वाचा शोध मात्र त्याहून जुना आहे. १९१३ साली अमेरिकेत मॅककोलम व डेव्हिस या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. डुकराची चरबी अथवा ऑलिव्हचे तेल दिलेल्या उंदरांची वाढ काही काळाने खुंटली. लोण्यातील अथवा अंड्याच्या बलकातील स्निग्धांश दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली. लोण्यात असे काहीतरी आहे, जे केवळ स्निग्धता नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गरम भातावर तुपाची धार पडत आली आहे. त्या धारेत चवीखेरीज हे जीवनसत्त्वही असते.

या जीवनसत्त्वाची उणीव झाली की प्रथम रातांधळेपणा येतो. मूल दिवसा व्यवस्थित खेळते, परंतु दिवेलागणीनंतर अडखळू लागते, ताटातील पदार्थ चाचपडते, एका जागी बसून राहते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चमक जाऊन तो कोरडा पडतो व त्यावर साबणाच्या फेसासारखे मळकट पांढरे डाग दिसू लागतात. त्यांना बिटॉटचे डाग म्हणतात. याही अवस्थेत उपचार झाले तर दृष्टी वाचते. परंतु पुढे पारपटल, म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक भाग, मऊ पडून त्यावर व्रण झाला, की गेलेली दृष्टी आहाराने अथवा औषधाने परत येत नाही. म्हणून संध्याकाळी अडखळणाऱ्या बालकास 'धांदरट' म्हणून रागे भरण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

भारत सरकारने १९७० साली बालकांना जीवनसत्त्व 'अ'ची मोठी मात्रा तोंडावाटे देण्याचा कार्यक्रम सुरू केला. लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार नवव्या महिन्यात गोवरप्रतिबंधक लसीसमवेत पहिली मात्रा, व पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षे पूर्ण होईतो, अशा एकूण नऊ मात्रा दिल्या जातात. गोवर झाल्यास शरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे लस व मात्रा या दोहोंची सांगड कशासाठी आहे, ते समजते. अंगणवाडीतील अथवा आरोग्य केंद्रातील ही मात्रा चुकवू नये. मात्र आपल्या मनाने बाजारातून आणून ती जास्तही देऊ नये. हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अतिरेक झाल्यास अपाय करते. गर्भवती स्त्रियांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून त्याच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मुळीच घेऊ नयेत.

स्वयंपाकघरातील नेत्रौषधी

सुदैवाने यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. दूध, लोणी, तूप आणि जे खातात त्यांच्यासाठी अंड्याचा बलक, यकृत व मासे, यांतून तयार जीवनसत्त्व 'अ' मिळते. शाकाहारी व्यक्तींस ते मुख्यत्वे कॅरोटीनच्या रूपाने मिळते; शरीर त्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व 'अ' घडविते. शेवग्याचा पाला, अळू, राजगिरा, मेथी, पालक, चवळई, शेपू, कोथिंबीर या हिरव्या पालेभाज्यांत कॅरोटीन विपुल असते. पानाच्या हिरव्या रंगाखाली त्याचा पिवळा-केशरी रंग झाकलेला असतो, एवढेच. गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा व पपई यांत तो रंग उघड दिसतो.

आपल्या सीमाभागात भाकरीसोबत पालेभाजी ही रोजची रीत होती. अळूचे फदफदे, मेथीची पातळ भाजी, शेवग्याच्या पाल्याची परतलेली भाजी हे पदार्थ आता घरोघरी विरळ होत चालले आहेत. ज्वारी, तांदूळ वा गहू पोट भरतात. परंतु या धान्यांतून कॅरोटीन अगदीच अल्प मिळते. त्यामुळे पोटभर जेवणाऱ्या घरातही डोळ्यांची उपासमार होऊ शकते. परसात शेवग्याचे एखादे झाड असल्यास कुटुंबाची पाल्याची गरज जवळजवळ वर्षभर भागते. आपण शेंगा तेवढ्या खातो आणि पाला गुरांपुढे टाकतो. प्रत्यक्षात कॅरोटीनचा खरा साठा त्या पाल्यातच असतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी किंवा सोबत थोडे तूप, दही वा शेंगदाण्याचे कूट नसेल, तर ते अंगी लागत नाही. दुसरी म्हणजे, भाजी शिजविल्याने हानी होत नाही. उलट पानातील पेशी मऊ झाल्याने कॅरोटीन अधिक सहज मिळते. कडक उन्हात वाळविल्याने मात्र ते नष्ट होते. पाला साठवावयाचाच असेल, तर सावलीत वाळवावा. तिसरी म्हणजे, भाजीतून मिळणाऱ्या कॅरोटीनचा अपाय होत नाही. फारच अतिरेक झाला तर तळहात पिवळसर दिसू लागतात, इतकेच.

हिरव्या पालेभाज्यांत ल्युटीन व झियाझँथिन ही आणखी दोन रंगद्रव्ये असतात. मका आणि अंड्याच्या बलकातही ती असतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथून आपण बारीक अक्षर वाचतो व माणसाचा चेहरा ओळखतो, त्या पीतबिंदूत ही द्रव्ये साठतात. उतारवयात काही जणांच्या या मध्यबिंदूची झीज होते. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्थेने याविषयी दोन मोठे अभ्यास केले. पहिल्याचे निष्कर्ष २००१ साली व दुसऱ्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्वे व जस्त यांचे ठरावीक मिश्रण दिल्याने, ज्यांची झीज मध्यम अवस्थेस पोहोचली होती, त्यांपैकी गंभीर अवस्थेकडे जाणाऱ्यांचे प्रमाण पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, या गोळ्यांनी मोतीबिंदू टळला नाही. धूम्रपान करणाऱ्यांस बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे अन्य अभ्यासांतून आढळल्याने दुसऱ्या अभ्यासात त्याऐवजी ल्युटीन व झियाझँथिन यांची योजना करून पाहिली गेली आणि ती अधिक सुरक्षित ठरली. यातून घ्यावयाचा बोध असा, की ताटातील भाजी सर्वांसाठी हितकर आहे. बाटलीतील गोळी मात्र ज्याला नेत्रतज्ज्ञाने सांगितली त्याच्यापुरतीच.

उपवास, प्रसाद आणि मधुमेह

आहाराचा विचार करताना मधुमेहाकडे डोळेझाक करता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, पाझरू लागतात आणि पुढे त्यांतून रक्तस्रावही होतो. आरंभी रुग्णास काहीही जाणवत नाही. दिसणे उत्तम असते, म्हणून तो निर्धास्त राहतो. मधुमेहींनी वर्षातून एकदा, बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून, दृष्टिपटलाची तपासणी केलीच पाहिजे. 'मला स्पष्ट दिसते' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. किंबहुना स्पष्ट दिसत असतानाच केलेली तपासणी खऱ्या उपयोगाची असते. कारण त्या अवस्थेत साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवून, आणि गरज पडल्यास लेझर अथवा इंजेक्शनाच्या उपचाराने दृष्टी राखता येते.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असे उपवास करणाऱ्यांनी फराळाकडे थोडे लक्ष द्यावे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्याची खिचडी, बटाट्याचा कीस व वरून गोड खीर, असा फराळ साखर झपाट्याने वाढवितो. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही आणि जेथे चालतो तेथे लाल भोपळ्याचे भरीत, असा फराळ केल्यास उपवासही घडतो व डोळ्यांचेही हित होते. मधुमेहाची औषधे अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी वा पूर्ण लंघन वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये. प्रसाद हा कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. आग्रह करून वाटीभर शिरा वाढणाऱ्यांनीही समोरच्याच्या प्रकृतीचा विचार करावा, ही नम्र विनंती.

नित्याच्या सवयी

मुलांविषयी प्रथम लिहितो. लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण शहरांतून वाढत आहे. लघुदृष्टीत डोळ्याचा गोल लांबट होत जातो व दूरचे अंधूक दिसते. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत लघुदृष्टी जडणाऱ्यांचे प्रमाण एरवी शेकडा ३९.५ होते, ते मैदानावर जाणाऱ्या मुलांत शेकडा ३०.४ आढळले. यासाठी औषध लागले नाही, खर्चही झाला नाही. मुलांनी रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात घालवावेत, असे तज्ज्ञ सांगतात. विटीदांडू असो, क्रिकेट असो वा देवळाच्या आवारातील धावपळ असो, मुलांचा हा दंगा त्यांच्या डोळ्यांना उपकारकच असतो. फार वाचल्याने मूल हुशार होते व डोळे बिघडतात, अशी खंत करण्यापेक्षा वाचन व मैदान यांचा समतोल राखावा.

संगणक व मोबाइल यांच्याकडे पाहताना मनुष्य पापण्या मिटावयास विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी उघडझाप निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होते, अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. यावर साधा नियम असा, की दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे व हेतुतः पापण्या मिटाव्यात. निळा प्रकाश अडविणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या काचांनी संगणकामुळे येणारा शीण कमी होतो, यास आधार सापडत नाही. २०२३ सालच्या एका सखोल आढाव्यातही हेच दिसून आले.

तंबाखू व धूम्रपान यांचा संबंध आपण फुप्फुसाशी व तोंडाशी जोडतो. परंतु धूम्रपानाने मोतीबिंदू व मध्यबिंदूची झीज या दोहोंचा धोका वाढतो. चुलीच्या धुराचाही मोतीबिंदूशी संबंध आढळला आहे. कोंदट खोलीत धूप, उदबत्ती व कापूर यांचा धूर दाटू देऊ नये. खिडकी उघडी ठेवून पूजा केल्यास भक्तीत काही उणे येत नाही. उन्हात हिंडताना रुंद काठाची टोपी, छत्री वा पदर घ्यावा.

सूर्यास अर्घ्य देताना दृष्टी पाण्याच्या धारेकडे वा भूमीकडे ठेवावी. सूर्यबिंबाकडे टक लावून पाहू नये. दृष्टिपटलास वेदना कळत नाहीत, त्यामुळे ते भाजत असताना काही जाणवत नाही. ग्रहणकाळी तर अधिकच जपावे. २ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे सूर्यग्रहण आपल्या भागातून खंडग्रास दिसावयाचे आहे. त्या वेळी काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल अथवा परातीतील पाणी यांपैकी कशाचाही आधार घेऊ नये. केवळ प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा.

डोळ्यांत काय घालू नये?

'डोळ्यांत तेल घालणे' हा वाक्प्रचार म्हणून सुंदर आहे. प्रत्यक्ष कृती म्हणून मात्र नव्हे. डोळे आले, लाल झाले की मध, दूध, तूप, लिंबाचा रस, गुलाबपाणी असे काहीही डोळ्यांत सोडण्याची चाल आहे. या पदार्थांतून जंतू जातात व पारपटलावर व्रण होतो. तान्ह्या बाळास काजळ घालण्याची हौस असल्यास ते गालावर तिटेपुरते असावे. बाजारच्या काही काजळांत व सुरम्यात शिसे आढळले आहे, शिवाय बोटाचा मळ व नखाची इजा आहेच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आहे. ज्या परंपरेने इतके बारकाईने भेद केले, तिचे नाव घेऊन सर्व रोगांवर एकच घरगुती थेंब घालणे हे त्या परंपरेसही धरून नाही.

आपल्या भागात विशेष सांगावयास हवे ते शेतातील इजेविषयी. ऊसतोडणीच्या वेळी पात्याचा फटका, मळणीच्या वेळी उडालेले कूस, गवताची काडी यांनी पारपटलावर ओरखडा उमटतो. इजा क्षुल्लक वाटते. परंतु वनस्पतीसोबत बुरशी आत शिरते आणि काही दिवसांत पांढरा व्रण दिसू लागतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून 'लाली घालविणारे' थेंब आणले जातात. त्यांत स्टिरॉइड असल्यास लाली खरोखरच ओसरते, रुग्णास बरे वाटते, आणि आत बुरशी मोकाट वाढते. कित्येकांचा डोळा इजेने नव्हे, तर या थेंबांनी जातो. तेच थेंब महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो व मोतीबिंदूही लवकर येतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा साथींत एकाच्या चिठ्ठीवरचे थेंब साऱ्या घराने वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा. नेत्रतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यावाचून कोणतेही थेंब डोळ्यांत घालू नयेत. साथीच्या दिवसांत हात धुवावेत, टॉवेल व उशी वेगळी ठेवावी, आणि डोळे बरे होईतो गर्दीत, देवदर्शनासही, जाऊ नये.

पानाचा चुना हाही घरातील एक मोठा धोका आहे. चुन्याची पुडी मुले हाताळतात, दाबतात, ती फुटून चुना डोळ्यांत उडतो. चुना पारपटल जाळत आत शिरतो. अशा प्रसंगी क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीआड अडकलेले कण काढून टाकावेत आणि मग रुग्णालय गाठावे. आधी रुग्णालय व मग पाणी, असा क्रम झाला तर डोळा वाचणे कठीण होते. रंगपंचमीचे रंग व दिवाळीचे फटाके यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. मात्र फटाक्याने डोळा फुटला असेल, तर तो धुवू वा चोळू नये; वरून दाब न पडेल असे झाकण ठेवून त्वरित तज्ज्ञांकडे न्यावे.

चाळिशीचा चष्मा आणि राहून गेलेली तपासणी

मराठी भाषेने जवळचे वाचावयाच्या चष्म्यास 'चाळिशी' असे नाव दिले आहे. सुमारे चाळिसाव्या वर्षी भिंगाची लवचीकता कमी होते व सुईत दोरा ओवणे कठीण होते, हे निरीक्षण त्या एका शब्दात साठविलेले आहे. हा रोग नव्हे. बदाम खाऊन, व्यायाम करून वा तळवे चोळून ही चाळिशी टळत नाही.

परंतु याच वयात काचबिंदूची तपासणी सुरू व्हावयास हवी. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची मज्जा हळूहळू सुकते. आधी कडेची दृष्टी जाते. समोरचे शेवटपर्यंत स्पष्ट दिसत राहते. दुखत नाही, लाल होत नाही. गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते. ज्यांच्या आईवडिलांस वा भावंडांस काचबिंदू आहे, त्यांना धोका अधिक असतो. आता होते असे की, चाळिशी लागली की आपण बाजारातून तयार चष्मा घेतो. अक्षर दिसू लागते आणि काम भागते. नंबर मिळतो, पण दाब मोजला जात नाही व मज्जा पाहिली जात नाही. थोडक्या पैशांत चष्मा मिळाल्याच्या समाधानात एक मोलाची तपासणी राहून जाते. म्हणून पहिली चाळिशी तरी नेत्रतज्ज्ञाकडूनच घ्यावी, आणि त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी डोळे तपासावेत.

मोतीबिंदूविषयीही एक जुनी समजूत दूर व्हावयास हवी. 'मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा' असे वडीलधारी मंडळी सांगत. त्या काळच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ते योग्य होते. आता सूक्ष्म छेदातून भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात. रोजच्या कामांत अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घेता येते. फार पिकू दिल्यास शस्त्रक्रिया अवघड होते व दाब वाढण्याचे भय असते. थेंब घालून मोतीबिंदू विरघळतो, या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. घरातील वृद्धांस 'आता या वयात कशाला' असे म्हणणारे आपणच असतो. न दिसणारा वृद्ध पडतो, माजघरातच अडकून बसतो, पोथी बाजूला ठेवतो आणि हळूहळू अबोल होतो. वय कितीही असो, दिसणे हे जगण्याचेच अंग आहे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. रोज एक हिरवी पालेभाजी थोड्या तेलातुपासह, आणि मोसमाप्रमाणे पिवळे-केशरी फळ वा भाजी खावी.
२. बालकांस जीवनसत्त्व 'अ'च्या सर्व मात्रा व गोवरप्रतिबंधक लस द्यावी.
३. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे तपासावेत. एक डोळा अधू असला तरी दुसऱ्यामुळे ते कळत नाही.
४. मधुमेहींनी दरवर्षी, तर चाळिशीपुढील सर्वांनी दर एक-दोन वर्षांनी नेत्रतपासणी करावी.
५. नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून डोळ्यांत थेंब, मध, दूध वा अन्य काही घालू नये.
६. एकाएकी दिसेनासे होणे, डोळ्यांपुढे विजा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे, पडदा सरकल्यासारखे वाटणे, अथवा लाल डोळ्यासह तीव्र वेदना व उलटी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. उद्याची वाट पाहू नये.

हा लेख तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तपासणीकडे जाण्याची आठवण तेवढी तो करून देऊ शकतो. आपण हा मजकूर वाचून झाल्यावर घरातील ज्यांना तो वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावा. अक्षरे लहान वाटतात म्हणून वाचन सोडून दिलेली एखादी आजी वा आजोबा घरी असतील, तर त्यांना याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जावे.

सर्वांची नेत्रज्योती निरामय राहो, ही प्रार्थना.

– सचिव, विश्वस्त मंडळ